घरातला पांढरा पहारेकरी

साताऱ्यास आमच्या मामांच्या घरी, जुन्या घराच्या पडवीत, तेरा वर्षे एक पांढरा कुत्रा नांदला. त्याचे नाव मोत्या. कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, उभे त्रिकोणी कान, पाठीवर झुपक्याने वळलेली शेपूट, काजळ घातल्यासारखे डोळे, काळेभोर नाक, आणि बाकी सर्वांग पिंजलेल्या कापसासारखे, असा तो प्राणी पाहून येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय गोड पामेरियन आहे हो!’ असे म्हणे. आणि मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात काढलेले, नोंदीतला काना चुकला तरी ज्यांना रात्री झोप लागत नसे असे आमचे मामा, प्रत्येकाला तितक्याच शांतपणे सांगत, की हा पामेरियन नव्हे, स्पिट्झ आहे. त्यांचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हा कुत्रा असाच दुसऱ्याच्या नावावर चढलेल्या सातबाऱ्यासारखा वावरतो आहे.

नावाची ही चूक नुसती नावापुरतीच राहती, तर तीवर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु नावाबरोबर अपेक्षाही येतात. मांडीवर बसणारे, पाहुण्यांच्या हातून हातात फिरणारे, दिवाणखान्याची शोभा वाढवणारे एक जिवंत खेळणे आपण आणले आहे, अशी समजूत करून घेतलेल्या गृहस्थाला सहा महिन्यांतच तीन तक्रारी सुचतात: हा फार भुंकतो, याचे केस घरभर होतात, आणि हा परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ त्या जातीच्या वंशपरंपरागत नोकरीत आहे. ती नोकरी कोणती हे एकदा ध्यानी आले, म्हणजे हा कुत्रा आपल्या घरी आणावा की नाही, आणि आणल्यास त्याची जोपासना कशी करावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

‘स्पिट्झ’ या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. टोकदार तोंड, टोकदार कान, दुहेरी लोकर आणि पाठीवर वळलेली शेपूट ही या साऱ्या कुळाची खूण आहे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पोमेरानिया नावाचा एक प्रांत आहे, जो आज जर्मनी आणि पोलंड या दोन देशांत विभागलेला आहे. त्या प्रांताच्या नावावरून ‘पामेरियन’ हा शब्द आला. जर्मन शेतकऱ्यांच्या अंगणात, गाडीवानांच्या मालावर, द्राक्षमळ्यांच्या बांधावर या कुत्र्यांचे एकच काम असे: कुणी अनोळखी आले की आरोळी ठोकणे. १८८८ साली व्हिक्टोरिया महाराणी इटलीतील फ्लॉरेन्स येथे मुक्कामास असताना तिला या कुळातली कुत्री आवडली आणि ती तिने इंग्लंडास नेली. त्यांतला तिचा लाडका मार्को बारा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा होता. पुढे विलायतेतल्या शौकिनांनी ही जात निवडून निवडून इतकी लहान केली, की आजचा प्रमाणित पामेरियन दीड ते सव्वातीन किलोंचा असतो. हिंदुस्थानात साहेबलोकांच्या बिऱ्हाडांबरोबर जे स्पिट्झ आले, त्यांचे वंशज मात्र आपल्या मूळच्या अंगलटीच्या जवळच राहिले. इथल्या हवेत पिढ्यानपिढ्या वाढलेल्या या कुत्र्यांची ‘इंडियन स्पिट्झ’ म्हणून केनेल क्लब ऑफ इंडियाने स्वतंत्र जात मानली आहे. त्यांत लहान आणि मोठा असे दोन प्रकार असून, लहानाचे वजन साधारण पाच ते सात किलो भरते. म्हणजे विलायतेतल्या आजच्या पामेरियनापेक्षा आपल्या गल्लीतला मोत्या हाच महाराणीच्या मार्कोच्या मापाचा आहे, हे ऐकून मामांना झालेला आनंद अवर्णनीय होता.

परदेशी कुत्री आयात करणे जिकिरीचे होते अशा १९८०-९० च्या काळात ही जात मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली, आणि १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफीने तिला घरोघर पोचवले. तो टफीही इंडियन स्पिट्झच होता, आणि त्यालाही प्रेक्षकांनी पामेरियनच म्हटले. याच कुळाचे दोन पांढरे चुलत भाऊ वाचकांच्या कानांवर येण्याचा संभव आहे. एक जपानी स्पिट्झ. पांढऱ्या जर्मन स्पिट्झपासून १९२० नंतरच्या काळात जपानात घडवलेली आणि १९४८ साली जिचे प्रमाण तेथील केनेल क्लबने निश्चित केले अशी जात. दुसरा अमेरिकन एस्किमो, ज्याचा बर्फाळ प्रदेशातल्या एस्किमोंशी काडीचाही संबंध नाही; पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव धारण करणे अमेरिकेत अप्रिय झाल्यामुळे त्याचे नामांतर झाले, इतकेच. या कुळाच्या नशिबी आपल्या खऱ्या नावाने ओळखले जाणे नसावे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पामेरियनाचे तोंड आखूड, कपाळ गोल आणि कान इवले. स्पिट्झचे तोंड लांबट, कान मोठे, पाय उंच आणि अंग सडपातळ. बाजारात ‘अस्सल पामेरियन’ म्हणून जे पिल्लू दाखवतात ते वाढून सहा किलोंचे झाले, तर विक्रेत्याने फसवले म्हणून संताप करण्यापेक्षा, उन्हाळा सोसण्याची ज्याची शक्ती थोडी अधिक आहे असे जनावर आपल्या घरी आले, म्हणून समाधान मानावे.

आता हा कुत्रा कोणाच्या घरी शोभतो, याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. हा माणसांत राहणारा प्राणी आहे. त्याला अंगणात साखळीला बांधून ठेवणे, किंवा सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत कुलूपबंद सदनिकेत एकटे सोडणे, हे मी क्रौर्यच समजतो. ज्या घरात नवरा-बायको दोघेही दिवसभर कामावर आणि मागे कुणी वडीलधारे नाही, त्यांनी या जातीचा मोह टाळावा. याउलट, ज्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात तिथे तो अत्यंत उपयुक्त साथीदार ठरतो. त्याला फार मोठे मैदान लागत नाही, सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस मिनिटांचा फेरफटका पुरतो, आणि दुपारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या पायाशी स्वस्थ पडून राहण्यात त्याचा हातखंडा आहे. मात्र पायांत घोटाळण्याची त्याला सवय असते. वृद्ध मनुष्य त्यात अडखळून पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून संध्याकाळी दिवा लवकर लावावा आणि कुत्र्याच्या गळ्यात लहानसा घुंगरू बांधावा. मुलांच्या बाबतीत वयाचा विचार अवश्य करावा. सात-आठ वर्षांचे मूल आणि स्पिट्झ यांची मैत्री पाहण्यासारखी असते. परंतु दोन-तीन वर्षांचे मूल शेपूट ओढते, पुढचे पाय धरून उचलते, ताटलीत हात घालते, आणि हा कुत्रा लहान असला तरी स्वाभिमानी आहे. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये; जेवताना व झोपेत त्याला हात लावू नये; त्याला उचलायचे तर एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली देऊन उचलावे. एवढे तीन नियम घरातल्या मुलांना पिल्लू येण्यापूर्वीच पाठ करवावेत.

पिल्लू घेताना घाई करू नये. २०१७ सालच्या श्वानपैदाशीच्या नियमांनुसार पैदासकाराची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे रीतसर नोंदणी असणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. तरीही तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले ‘माणसाळतात लवकर’ या सबबीखाली सर्रास विकली जातात. हे म्हणणे निखालस खोटे आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात आई आणि भावंडे यांच्याकडूनच पिल्लू चावा हलका घेण्यास शिकते. विक्रेत्याच्या घरी जाऊन आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून व्यवहार करू नये. आई अंगावर धावून येते की सावधपणे हुंगून शांत होते, यावरून पिल्लाच्या भावी स्वभावाचा जेवढा अंदाज येतो तेवढा कोणत्याही वंशावळीच्या दस्तऐवजावरून येत नाही. पिल्लाचे नाक व पापण्यांच्या कडा काळ्या असाव्यात, पोट फुगलेले नसावे, डोळ्यांत चिपडे नसावीत, आणि मागे टाळी वाजवताच त्याने वळून पाहावे. आणि एखाद्या प्राणिनिवाऱ्यात सोडून दिलेला तीन-चार वर्षांचा स्पिट्झ मिळत असेल, तर त्याचाही विचार करावा. मोठ्या कुत्र्याला घर लागायला महिना-दोन महिने लागतात, पण त्याचा स्वभाव झाकलेला नसतो.

पहिले काही आठवडे शौचाच्या शिस्तीत जातात. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, शिवाय दिवसा दर दोन तासांनी, त्याला एकाच ठरलेल्या जागी न्यावे आणि काम झाल्याक्षणी, घरात परतल्यावर नव्हे, तोंडभर कौतुक करावे. चूक झाली तर नाक त्यात घासण्याची आपल्याकडची जुनी पद्धत संपूर्ण निरुपयोगी आहे. तिने कुत्रा एवढेच शिकतो, की मालकासमोर हे काम करू नये, आणि मग तो सोफ्याच्या मागे जाऊ लागतो. दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. पिल्लाचे तीन ते चौदा आठवड्यांचे वय हे जग ओळखण्याचे वय. या मुदतीत त्याला टोपीवाला, काठीवाला, बुरखा घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला डाकवाला, मिक्सरचा आवाज, रिक्षा, पावसातली छत्री यांची शांतपणे ओळख करून द्यावी. लसीकरण पुरे झालेले नसते म्हणून जमिनीवर सोडता येत नाही, परंतु कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाण्यास कुणाची हरकत नाही. संशय हा ज्या जातीचा उपजत गुण आहे, तिच्या बाबतीत हे आठवडे फुकट घालवणाऱ्याला पुढची दहा वर्षे प्रत्येक पाहुण्याची माफी मागावी लागते.

आणि आता भुंकण्याविषयी. रात्री गस्त घालणारा गुरखा ठेवावा, आणि तो शिट्टी वाजवतो म्हणून त्याची तक्रार करावी, त्यातलाच हा प्रकार. ज्याच्या शेकडो पूर्वजांना आरोळीबद्दलच भाकरी मिळाली, त्याने जिन्यावर पाऊल वाजताच गप्प बसावे ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. त्याला भुंकू न देणे शक्य नाही. भुंकणे थांबवायला शिकवणे शक्य आहे, आणि सारी मेहनत तिथे करावी. दारावरची घंटा वाजली, तो भुंकला, की आपण ओरडू नये. आपले ओरडणे त्याला समर्थन वाटते, मालकही पहाऱ्यात सामील झाला असे वाटून तो दुप्पट चेव धरतो. त्याऐवजी शांतपणे दाराशी जावे, पाहावे, आणि एकदाच, खालच्या स्वरात, ‘बस’ म्हणावे. तो श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबतोच. त्या क्षणी वाटाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याच्या तोंडात द्यावा. पुढे दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, मग दहा सेकंदांच्या शांततेला तुकडा द्यावा. घरातल्या एकाने बाहेर जाऊन दिवसातून सात-आठ वेळा घंटा वाजवावी. तीन-चार आठवड्यांत ‘वर्दी दिली, वरिष्ठांनी ती नोंदवून घेतली, आता गप्प बसावे’ असा कचेरीचा क्रम त्याच्या डोक्यात पक्का बसतो. मामांनी मोत्याला हे शिकवले ते असे, की मोत्या तीनदा भुंके, मामा आरामखुर्चीतूनच ‘नोंद झाली’ असे म्हणत, आणि तो मुकाट्याने फरशीवर पसरे.

एकटे पडल्यावरचे भुंकणे निराळे. ते एकसुरी, दीर्घ, मध्येच विव्हळण्याकडे झुकणारे असते, आणि त्याबरोबर दार ओरबाडणेही चालते. तिथे पनीर चालत नाही. आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा अशा क्रमाने घराबाहेर जाऊन परत येण्याचा सराव करावा, जाण्यापूर्वी त्याला चांगले फिरवून दमवावे, आणि निरोपाचे लाडिक सोहळे पूर्ण बंद करावेत. रस्त्यावरची हालचाल पाहून खिडकीत बसून भुंकणाऱ्याच्या खिडकीचा खालचा भाग धुरकट कागदाने झाकावा. निम्मा त्रास त्यानेच जातो.

या कुत्र्याची लोकर दुहेरी असते: आत दाट, मऊ लव, आणि बाहेर सरळ, किंचित राठ केस. वर्षातून साधारण दोनदा आतली लव गळते. मादीची माजानंतर किंवा व्याल्यानंतर विशेष गळते. त्या दिवसांत रोज आणि एरवी आठवड्यातून तीनदा विंचरण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पांढऱ्या शुभ्रतेचा लोभ धरू नये. विंचरताना वरवर ब्रश फिरवून भागत नाही. डाव्या हाताने केस वर उचलून त्वचेची रेघ दिसू द्यावी, आणि खालून वर एकेक थर उलगडत तारांच्या ब्रशाने विंचरावा. कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या मागच्या झुपक्यांत गुंते आधी होतात, तिथे मोठ्या दातांची फणी चालवावी. गुंता काढल्याशिवाय आंघोळ घालू नये, कारण ओला झालेला गुंता वाळताना नमद्यासारखा आवळतो आणि मग कात्रीवाचून गत्यंतर राहत नाही. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठी असलेल्या शाम्पूनेच. माणसाचा साबण त्याची कातडी कोरडी करतो. पावसाळ्यात केस मुळापर्यंत सुकवणे हे आंघोळीपेक्षा मोठे काम आहे. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आत ओलसर राहिला, की दोन दिवसांत कातडी लाल होते, चिघळते, त्यावर बुरशी येते आणि घराला वास येतो. टॉवेलने टिपून पंख्याखाली किंवा थंड हवेच्या ड्रायरखाली, बोटांनी केस मोकळे करीत, तासभर बसावे. शुभ्रता वाढवण्यासाठी आमच्या मामींनी एकदा धुण्याच्या पाण्यातली नीळ शेवटच्या तांब्यात घातली होती. मोत्या पुढचे पंधरा दिवस शाळेच्या शाईच्या रंगाचा दिसत होता, आणि अंग चाटण्याची सवय असलेल्या प्राण्याच्या पोटात त्यातले किती गेले असेल या चिंतेने मामींचे जेवण उडाले होते.

याहून मोठा अपराध आमच्या घराने एका वैशाखात केला. बिचाऱ्याला उकडत असेल या कळवळ्याने आम्ही त्याची सारी लोकर मशिनने कातडीलगत काढून टाकली. लोकर थंडीप्रमाणे उन्हापासूनही बचाव करते, तिच्यातला हवेचा थर बाहेरची धग आत येऊ देत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. उघडी पडलेली गुलाबी कातडी भाजली, आणि केस परत आले ते ठिगळाठिगळांनी. पूर्ववत होण्यास वर्षावर काळ गेला. काही कुत्र्यांत ते कधीच पूर्ववत होत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात पंजांखालचे, ढुंगणाभोवतीचे आणि पोटाखालचे केस फार तर आखूड करावेत, पाठीला हात लावू नये.

उन्हाळ्याचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करावा. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापून अंग थंड करतो, आणि हवा दमट असेल तर तेही नीट साधत नाही. विदर्भ-मराठवाड्यात आणि कोकणात, दोहोंकडे निरनिराळ्या कारणांनी, एप्रिल ते जून हा त्याच्या परीक्षेचा काळ. फिरणे सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतर. डांबरावर आपला तळहात सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही तिथे टेकवू नयेत. शहाबादी फरशीचा एक कोपरा, पंखा, आणि पाण्याची दोन भांडी एवढे असले की त्याचे भागते. त्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०४ च्या पुढे ते गेले, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, तर उष्माघात समजावा. साध्या नळाच्या पाण्याने अंग, विशेषतः पोट व मांड्या, भिजवून पंख्याखाली धरावे आणि तसेच पशुवैद्याकडे धावावे. बर्फ अंगावर घालू नये. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतली उष्णता आतच अडकते.

खाण्याविषयी आपल्या लोकांची ममता फार घातक आहे. दूध-पोळी आणि बिस्किटे हा या कुत्र्याचा जणू ठरलेला शिधा होऊन बसला आहे, आणि त्यामुळेच चार वर्षांचा स्पिट्झ पिंपासारखा गोल झालेला आपल्याला गल्लोगल्ली दिसतो. सहा किलोंच्या घरबशा कुत्र्याला दिवसाकाठी साडेतीनशे ते चारशे कॅलरी पुरतात. चहाबरोबर दिलेली दहा ग्लुकोज बिस्किटे दोनशेच्या घरात जातात. अंडे, कोंबडी, मासा, पनीर अशा प्रथिनांना पहिले स्थान द्यावे, भात किंवा भाकरी त्यांच्या मागून, आणि थोडा उकडलेला भोपळा किंवा गाजर. शाकाहारी घरांत डाळ-भातावर कुत्रा जगतो, पण निभत नाही. तिथे चांगले तयार खाद्य मुख्य ठेवून त्यात घरचे घालावे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच लागाव्यात, ही वजनाची घरगुती कसोटी. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा रश्शातला शिजलेला, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो, म्हणून ताटातले उरलेसुरले वाढण्याची प्रथा बंद करावी. द्राक्षे, बेदाणे व मनुका मूत्रपिंडास अपाय करतात. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्यात आला. चॉकलेट, आणि शुगर-फ्री गोळ्यांत असणारे झायलिटॉल ही तर विषेच. शिजवलेल्या कोंबडीचे हाड काचेसारखे टोकदार तुटते, ते कधीही देऊ नये.

औषधपाण्याच्या बाबतीत मामांची एक तजवीज मला आदर्श वाटते. त्यांनी मोत्यासाठी जाडजूड लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही घातली होती, आणि तीत वजन, लस, जंताचे औषध, माजी तक्रारी आणि दिलेली मात्रा यांच्या नोंदी तारीखवार होत. पशुवैद्य बदलला, गाव बदलले, तरी त्या वहीने कधी दगा दिला नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन रोगांनी पिल्ले पटापट दगावतात, म्हणून यांत चालढकल नको. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही लागतो, तेव्हा ती लसही घ्यावी. मोठ्या कुत्र्याला जंताचे औषध दर तीन महिन्यांनी. लांब केसांत गोचीड दिसत नाही, बोटांना लागते; म्हणून फिरून आल्यावर कानांच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत चाचपावे. गोचीडतापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. ‘आज जरा मलूल आहे’ असे म्हणत चार दिवस काढणारे मालक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे कुत्रे मग मी पाहिलेले नाहीत.

लहान जातींचे म्हणून तीन-चार दोष याच्यात आढळतात. गुडघ्याची वाटी सरकणे हा एक. चालता चालता मागचा एक पाय उचलून तो तीन पायांवर दोन उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो, ते कौतुक समजू नये. श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्यात पट्टा नाव-पत्त्यापुरता ठेवून, साखळी छातीच्या पट्ट्याला अडकवावी. दातांवर कीट लवकर चढते, तेव्हा लहानपणापासून दात घासण्याची सवय लावावी, आणि माणसाची टूथपेस्ट त्यासाठी वापरू नये. मादी ठेवली आणि पिल्ले नको असतील, तर नसबंदी अवश्य करून घ्यावी. न केलेल्या मादीच्या गर्भाशयात माजानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पू होण्याचा विकार प्रौढ वयात वारंवार दिसतो, आणि खूप पाणी पिणे, उलट्या, घाण वासाचा स्राव ही लक्षणे दिसताच तासांचा हिशेब करावा, दिवसांचा नव्हे.

शेजारधर्माचा प्रश्न सदनिकांत राहणाऱ्यांना हमखास येतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही, उद्वाहन वापरण्यास मज्जावही करता येत नाही; शिवाय प्राण्यांविषयी भूतदया हे राज्यघटनेच्या ५१ क कलमान्वये नागरिकांचे कर्तव्यच आहे. पण हे कलम सभेत आपटण्यापेक्षा खिशातली पिशवी काढून आपल्या कुत्र्याची घाण उचलणाऱ्या माणसाचे शेजाऱ्यांशी अधिक जमते. महानगरपालिकेचा परवाना रीतसर काढावा, आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवावा. रेल्वेने नेताना पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला संपूर्ण कूपे आपल्या नावे असेल तरच त्याला जवळ ठेवता येते, एरवी गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवावे लागते. लोकर असलेल्या कुत्र्याला उन्हाळ्यात त्या पेटीत घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीत फटाके सुरू होण्यापूर्वी फिरवून आणावे, मधल्या खोलीत पडदे ओढून, दूरदर्शनचा आवाज जरा मोठा ठेवून, जवळ बसावे. भीती अतिरेकी असेल तर पशुवैद्याचा सल्ला नवरात्रातच घ्यावा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे.

नीट जोपासलेला स्पिट्झ बारा ते चौदा वर्षे सहज काढतो, म्हणजे पिल्लू आणताना दुसरीत असलेले मूल त्याच्या अखेरीस महाविद्यालयात असते. खर्चाची आणि वेळेची तरतूद या हिशेबाने करावी. दहाव्या वर्षापासून सहामाही रक्ततपासणी करावी, जेवण दोनाऐवजी तीन वेळा विभागून द्यावे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकावी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी घराचा नकाशा त्याच्या नाकात आणि पायांत असतो, म्हणून पाण्याचे भांडे, बिछाना, खुर्च्या यांच्या जागा बदलू नयेत. मोत्याला शेवटच्या दोन वर्षांत ऐकू येईनासे झाले. घंटा वाजली तरी तो पडून राही. मग मामाच त्याच्या पाठीवर हलकेच हात ठेवत, तो मान वर करून दाराकडे पाही, आणि कुणीही आलेले असो वा नसो, तीनदा भुंकून पुन्हा झोपे. त्या दोन वर्षांतल्या दिवाळीच्या रंगकामात मामांनी पडवीतला पलंग जागचा हलवू दिला नाही. रंगाऱ्याने पलंगामागची भिंत तशीच सोडली. ती अजूनही जुन्या रंगाची आहे.